रूपरावची राहिलेली झडती

रूपरावच्या आणि माझ्या घराच्या मध्ये कंबरेएवढी भिंत आहे. त्याच्या वडिलांनी आणि माझ्या वडिलांनी ती भांडून बांधली, आणि आम्ही दोघांनी ती चहाचे कप ठेवायला वापरली. गावाचं वरचं वेटाळ, म्हणजे वरची आळी, माझ्या घरापाशी संपतं, खालचं रूपरावपासून सुरू होतं. म्हणजे ही भिंत सरहद्दच म्हणायची. सरहद्दीवर जे चालतं ते आमचंही चालायचं, एकमेकांवर नजर आणि रोजचा गोळीबार. गोळ्या तेवढ्या शब्दांच्या.

देवळीच्या अलीकडे रस्ता सोडून तीन किलोमीटर आत वळलं की आमचं गाव. तिथे रूपरावची दीड एकर वाडी. विहिरीला पाणी, म्हणून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात फुलकोबी. पहाटे भाजी तोडायची, जुड्या बांधायच्या आणि देवळीच्या बाजारात नेऊन बसायचं, हा त्याचा तीस वर्षांचा उद्योग. माणूस ठेंगणा, सावळा, छपन्न वर्षांचा. दिसायला असा की बाजारात दोनदा भेटलात तरी तिसऱ्यांदा ओळखणार नाही. पण त्याने तोंड उघडलं की विसरणार नाही. त्याच्या ताज्या वांग्यांपेक्षा त्याचं बोलणं ताजं असायचं आणि बायका भाव करायला विसरायच्या.

आणि वर्षातून एक दिवस तो राजा असायचा. पोळ्याचा.

आमच्याकडे पोळ्याला गावचे सगळे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करतात. एका अंगाला वरचं वेटाळ, दुसऱ्या अंगाला खालचं. मग झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे तीन-चार ओळींचं यमक, जागच्या जागी जुळवलेलं, समोरच्याची टांग ओढणारं. शेवटी सगळ्यांनी महादेवाच्या नावाने आरोळी ठोकायची. मग समोरून उत्तर यायला हवं. उत्तर आलं नाही तर ज्याची झडती वर राहिली त्या वेटाळाची जोडी तोरण तोडते, आणि वर्षभर त्या वेटाळाची मान ताठ. आमच्या गावात हे पुढारपण वरून माझ्याकडे आणि खालून रूपरावकडे. परवाच्या वर्षापर्यंतच्या बावीस वर्षांत मी तोरण जिंकलं पाच वेळा. उरलेली सतरा वर्षं मोजायची गरज नाही.

एका वर्षी माझ्याकडून घाईत बैलाचं एकच शिंग रंगवून झालं, आणि त्याच सकाळी मी मिशीला कलप लावला होता. तोरणाखाली पाय ठेवतो न ठेवतो तोच रूपराव :

हिरव्या वांग्याचं देठ पिवळं,
मधूच्या बैलाचं एकच शिंग काळं,
दुसऱ्या शिंगाचं रंगवणं मिशीवर गेलं!

गाव लोळलं. माझी बायको उज्वला तर अजूनही मी कलप काढला की विचारते, "बैलाचं झालं का?" पहिली ओळ कधी जुळवली, माझी मिशी कधी पाहिली, शिंग कधी पाहिलं? सगळं एका श्वासात. त्याचं डोकं म्हणजे नुसती पळापळ.

तेच डोकं परवाच्या वर्षी दिवाळीनंतर थांबलं.

काही घडलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या वेळी गावाला मी वेगळं सांगितलं. कुणी मेलं नाही, पीक बुडालं नाही, घरात भांडण नाही. मुलगी प्रेरणा अल्लीपूरला दिलेली, सुखात. रूपराव एक दिवस उठला नाही. मग दुसऱ्या दिवशी उठला, पण ओट्यावर येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. वांगी झाडावर पिकून पिवळी पडली. मेथीला फुलं आली. त्याची बायको मनकर्णा एकटीच तोडायची, एकटीच बाजाराला जायची. विचारलं तर म्हणायची, "आंग दुखते त्यायचं." मी भिंतीवरून हाक मारली, की तो मान वळवायचा आणि माझ्याकडे असं पाहायचा जसं मी लांबच्या स्टेशनवर उभा आहे.

गावाला कारण लागतं. आणि पानठेल्यावर कारण पुरवणारा माणूस म्हणजे मी. मी चार कारणं पुरवली. एकात करणी होती, एकात बाजारातली बाई होती. बाकीची दोन इथे लिहिण्यासारखी नाहीत. लोक हसले. तेव्हा वाटलं, हसले म्हणजे काही बिघडलं नाही.

हिवाळा सरता सरता प्रेरणा आली. बापाला पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी नाव सांगितलं, डिप्रेशन. गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला खेप. होळीनंतर रूपरावला झोप लागू लागली. चैत्रात त्याने स्वतःहून ज्वारीची दुसरी भाकर मागितली, तर मनकर्णा चुलीपुढे बसून रडली. आणि अक्षयतृतीयेच्या आसपास तो माझ्या एका फालतू विनोदावर हसला. मी लगेच ठेल्यावर जाहीर करून टाकलं, "रूपराव बरा झाला."

तिथेच चुकलं. मी नाही, सगळं गावच चुकलं. माणूस जेवतो, झोपतो, हसतो, मग अजून काय पाहिजे? आमच्याकडे ताप उतरला की माणूस दुसऱ्या दिवशी वखरावर असतो. पण रूपराव वाडीत जायचा आणि विहिरीपाशी उभा राहायचा. कशाला आलो, आठवायचं नाही. मेथीच्या जुडीत पालक बांधायचा. मनकर्णाने दोरी आणा, विळा आणा आणि येताना पंप बंद करा असं सांगितलं, की दोरी यायची, विळा यायचा आणि पंप दिवसभर चालू. दोन माणसं एकदम बोलली की त्याचा चेहरा गोंधळून जायचा.

प्रेरणा एकदा चार दिवस राहायला आली होती. भिंतीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा मी विचारलंच.

"काय व पोरी, तुया बाप बरा झाला ना? मंग काल मले नमस्कार करून परत पाच मिनिटानं नमस्कार काऊन केला?"

"काका, बाबाचं मन वर आलं, पन डोकं मागून चालत येऊन राह्यलं."

"म्हंजे?"

"मॅडमनं सांगतलं ना. या बिमारीत उदासी आधी जाते. ध्यान, याददाश्त, इचार कराचा वेग, हे मागून येते. कोनाचं सहा महिन्यात येते, कोनाले वर्ष लागते. कोनाचं थोडंसं राहूनही जाते."

"वय झालं असन."

"छप्पन म्हंजे वय हाये का? तुमचं बावन हाये ना?" पोरगी बापाचीच. "म्हातारपन नाई काका, आळस नाई, अन् पागलपन तं बिलकुल नाई. एका वेळी एकच काम द्याचं. वहीत लिहून ठेवाचं. रोज फिराले जाचं अन् लोकायसंग बोलाचं, तेच खरं औषध हाये म्हनते. तुमी मस्करी करा त्यायची, तुमची मस्करी पाहिजेच त्यायले. फक्त उत्तराची वाट पाहा. घाई नका करू."

"बरं बाप्पा," मी म्हणालो.

आणि संध्याकाळी ठेल्यावर जाऊन सांगितलं, "डॉक्टरीनबाईनं रूपरावले होमवर्क देल्ला! वही पेन घेऊन बसते." सात गोष्टी सांगितल्या होत्या पोरीने. मी त्यातली एक उचलली, आणि तीही हसण्यासारखी तेवढीच.

पण वही खरी होती. निळ्या पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. सकाळी मनकर्णा सांगायची, तो लिहायचा. पंप. सांभार तोडणे. औषध दुपारी. काम झालं की त्यावर रेघ मारायचा. रेघ मारताना जीभ बाहेर यायची, पहिलीतल्या पोरासारखी. कुणी आलं की वही पटकन खिशात. मला हे भिंतीवरून दिसायचं. मी काही बोलायचो नाही, म्हणजे त्याला बोलायचो नाही.

त्याच दिवसांत एक गंमत सुरू झाली. मी सकाळी भिंतीवरून एखादी गोळी झाडायचो. एकदा म्हणालो, "रूपभाऊ, तुया कोंबड्यानं आज चार वाजताच बांग देल्ली. घड्याळ बिघडलं काय त्याचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी थांबलो नाही. मला देवळीला जायचं होतं, खरं तर नव्हतंही. मी हसून निघून गेलो.

दुपारी चहाच्या वेळी तो भिंतीशी येऊन उभा. "मधू."

"काय रे भाऊ?"

"कोंबड्याचं घड्याळ बरोबर हाये. तू एका हाकेनं उठत नाई, म्हनून तो आजपासून एक घंटा आधी सुरू करून राह्यला."

मी हसलो. उत्तर फर्मास होतं. पूर्वीच्या रूपरावचंच. फक्त सहा तास उशिरा आलं होतं. गाडी आतली तशीच होती, रस्ता लांबला होता.

हे कळणारा गावात मी एकटा माणूस होतो. कारण त्याचं उत्तर ऐकायला त्या वेळी भिंतीपाशी दुसरं कुणी नसायचं. हे मी ठेल्यावर सांगायला हवं होतं : बापहो, रूपरावचं डोकं साबूत आहे, थोडं थांबत जा. त्याऐवजी मी काय केलं? कोंबड्याचा विनोद दुसऱ्या दिवशी माझाच म्हणून खपवला. आणि त्याचं नाव ठेवलं 'चारवाजे'. सकाळी विचारा, चारला उत्तर घ्या. नाव असं चिकटलं की पोरंसोरंसुद्धा म्हणू लागली. "चारवाजे आले, चारवाजे चालले." रूपराव ऐकायचा. हसायचा. चारवाजे म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला त्याला चार वाजेपर्यंत वेळ लागायचा, आणि तोवर पोरं घरी गेलेली असायची.

श्रावण संपत आला. पोळ्याला आठ दिवस राहिले असतील. रूपरावने मला वाडीत बोलावलं. विहिरीच्या कठड्यावर बसवलं आणि निळी वही काढली. पहिल्यांदाच माझ्यासमोर.

"मधू, मले यंदा तोरनाखाली झडती म्हनाची हाये."

"मंग म्हन ना. तुले कोन अडवलं?"

"तसं नाई." तो थांबला. शब्द जुळवत होता. "मले आता पहिलेसारखं जागच्या जागी जमत नाई. माहीत हाये तुले. पन एक झडती मी जुळवली. आठ दिवस लागले. पाठ केली. फक्त तिच्याआधी तू हे विचार. मंग मी उत्तर देईन." त्याने वही पुढे केली. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं :

गवत झालं दाट आन् नदी भरली काठोकाठ,
सांगा रूपराव, वर्षभर कोनाची पाहत होते वाट?

"हे मी म्हनाचं?"

"व्हय. बस. मंग मी म्हनतो." आणि त्याने उभं राहून, वांग्यांच्या तासांकडे, म्हणजे ओळींकडे, तोंड करून, डोळे मिटून म्हटली :

वाट नव्हतो पाहत गड्या, वाटच गेली बुजून,
डोक्यामंदी तन आलं, कमरेपावत माजून,
एक एक तास निंदत आलो, इळा हाती घेऊन!

चार डॉक्टरांना जे सांगायला तास लागला असता ते त्याने तीन ओळींत सांगितलं होतं. आणि त्याच्या वाडीतल्याच शब्दांत. तण म्हणजे काय आणि ते निंदून काढणं म्हणजे काय हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. नुसतं वरून ओढलं तर मूळ राहतं. घाई केली तर पिकाचं रोप हातात येतं.

"गावाले सांगाचं होतं मले," तो म्हणाला. "सारे इचारतात, काय झालतं रूपराव? मले सांगता येत नाई. बोलाले गेलो का लोक पुढच्या गोष्टीवर जातात. तोरनाखाली कोनी मधात बोलत नाई. तिथं एकदा सांगतलं का झालं. मंग कोनी इचारनार नाई." मग अगदी हळू, "अन् ते चारवाजेही म्हननार नाई कदाचित."

त्याला ठाऊक होतं ते नाव कुणी ठेवलं. माझ्याकडे पाहत नव्हता, म्हणजे ठाऊकच होतं.

"फक्त घाई करजो नको, मधू. अन् दुसरं काही विचारजो नको. मले ऐनवेळी बदलता येत नाई. तेवढं पक्कं कर."

"पक्कं," मी म्हणालो. "तुया गळ्याची शपथ."

"माया कायले? तुया घे ना."

हे उत्तर मात्र त्याने लगेच दिलं. आम्ही दोघंही हसलो. मी आठ दिवस ते दोन ओळींचं वाक्य घोकत होतो, बैल धुताना, जेवताना. उज्वला म्हणाली, "तुमची परीक्षा हाये का?" मी म्हणालो, रूपरावची आहे. ती म्हणाली, "मंग तुमीच काऊन घोकून राह्यले?" तिला तेव्हाच काही तरी वाटलं असावं.

पोळ्याचा दिवस. गावात आता उरल्या एकूण नऊ जोड्या. पण माणसं तेवढीच येतात, किंबहुना पुण्याची-नागपूरची पोरंही येतात आणि मोबाईल वर धरून उभी राहतात. डफडं वाजत होतं. आमचे अण्णाजी, वय ऐंशी, तोरणाचा पंच म्हणून खुर्चीवर. रूपरावची जोडी झुली घालून समोर. रूपरावने पांढरा सदरा घातला होता, खिशात वहीचा चौकोन दिसत होता. मनकर्णा बायकांत पुढेच उभी होती. प्रेरणा अल्लीपूरहून मुद्दाम आली होती.

रूपरावने आधी नमनाची साधी झडती म्हटली. जुनी, पाठ असलेली. आवाज थरथरला, पण शेवटपर्यंत गेला. वर्षभराने त्याचा आवाज तोरणाखाली ऐकून खालचं वेटाळ असं ओरडलं की बैल बुजले. रूपरावने माझ्याकडे पाहिलं. हलकेच मान हलवली. आता तू.

मी पुढे झालो. आणि आता जे सांगणार आहे ते मला अजूनही नीट सांगता येत नाही, पण सांगतो. वरच्या वेटाळाची पोरं मागून ओरडत होती, "मधुकाका, होऊन जाऊ द्या! चारवाज्याले सोडू नका!" सगळे मोबाईल माझ्याकडे वळले. पाच-सहा पोरींचे, तितक्याच पोरांचे. पाहुण्यातला एक जण म्हणाला, "हेच का ते मधुकाका?" आणि माझ्या तोंडात ते घोकलेलं वाक्य असताना दुसरंच येऊन बसलं. चमचमीत. जागच्या जागी जुळलेलं. बावीस वर्षांत मला इतकं झटकन कधी जुळलं नव्हतं :

खिशामंदी वही आन् वहीमंदी डोकं,
पान उलटता उलटता झोपी गेले लोकं,
चारवाजे चारवाजे, घड्याळ झालं बोकं!

मला बोकं म्हणजे काय म्हणायचं होतं ते आजही कळलेलं नाही. यमक जुळलं तेवढं. गाव फुटलं. शिट्ट्या, डफडं, आरोळी. मी हात वर करून उभा होतो. हा सगळा वेळ किती असेल? दहा सेकंद.

मग मी रूपरावकडे पाहिलं.

तो माझ्या ओळींची वाट पाहत होता. अजूनही. त्याच्या ओळींच्या दाराला जी कडी होती ती मी काढलीच नव्हती. त्याचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. मग त्याला वाटलं असावं की आपली पाळी आली. त्याने तोंड उघडलं आणि जे तयार होतं ते म्हणू लागला, "वाट नव्हतो पाहत गड्या, वाटच गेली..."

"अरे, विचारलं काय अन् सांगते काय!" कुणी तरी ओरडलं. हशा.

तो थांबला. पुन्हा सुरू केलं, "वाट नव्हतो..." आणि पुढचं गेलं. मला दिसत होतं गेलेलं. त्याने खिशात हात घातला. वही काढावी की नाही ते ठरत नव्हतं. "वही काढते, वही काढते!" पोरं. त्याने हात तसाच खिशात ठेवला.

मी त्या क्षणी एक गोष्ट करू शकत होतो. नुसतं मोठ्याने म्हणायचं होतं, थांबा रे, माझी चुकली, मी दुसरी म्हणतो. गवत झालं दाट. दोन ओळी. सगळं परत जागेवर आलं असतं. तोरणाखाली तसं करायला मनाई नाही. मी ते केलं नाही. मला वाटलं, आता केलं तर माझं तोरण जाईल. अण्णाजींनी खुर्चीतून तीनदा विचारलं, "खालचे बोलता का?" तिसऱ्यांदा रूपरावने मान हलवली, नाही. माझ्या बैलांनी तोरण तोडलं. सहाव्यांदा.

रूपराव हसला. सगळ्यांबरोबर. मग बैलांचा कासरा धरून घराकडे गेला. प्रेरणा माझ्यासमोरून गेली तेव्हा म्हणाली, "काका, तुमी थांबू शकत होते." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओट्यावर गेलो. "रूपभाऊ, चुकलं मायं."

"मस्करी होती ना," तो म्हणाला. "झालं आता."

मनकर्णा आतून म्हणाली, "भाऊजी, पुरन उरलं हाये, नेता का?" म्हणजे जा.

त्यानंतर तो भिंतीपाशी येईना. ना सकाळी, ना दुपारी. मी गोळी झाडली तर ऐकायचा आणि आत जायचा. बाजारालाही जाईना. मनकर्णाच भाजी घेऊन बसायची. संध्याकाळचं फिरणं बंद. लोकांशी बोलणं हेच त्याचं औषध होतं, हे प्रेरणाने मला भिंतीवरूनच सांगितलं होतं. गोळ्या चालू राहिल्या, तेवढंच. डॉक्टर मॅडमनी कार्तिकात विचारलं, काय झालं, प्रगती का थांबली? प्रेरणाने त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. चार महिने वाया गेले, एवढं मनकर्णाने उज्वलाला सांगितलं, आणि उज्वलाने मला. मध्ये मला काही मिसळायला जागा नव्हती.

मी ठेल्यावर 'चारवाजे' म्हणणाऱ्याला अडवू लागलो. पोरं म्हणाली, "काका, तुमीच तं ठेवलं नाव." खरं होतं. मी एकदा ती निंदणाची झडती ठेल्यावर म्हणूनही दाखवली. रूपरावची म्हणून. लोकांनी ऐकली, बरी आहे म्हणाले आणि सुपारी मागितली. माझ्या तोंडून ती नुसती यमकं वाटत होती.

रूपराव मग हळूहळू सावरला, आपला आपण. माघानंतर वाडीत तासन् तास एकटाच निंदत बसायचा. वही आता लपवत नव्हता, कानाला पेन लावून फिरायचा. उन्हाळ्यात परत बाजाराला गेला. जुडीत आता मेथी मेथीच असते. देवळीचं एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "तुमचे रूपराव आता कमी बोलतात, पन बोलले का बरोबर बोलतात."

यंदाच्या पोळ्याआधी मी पुन्हा गेलो. वहीसारखी एक वही मीही नेली होती. त्यात त्याची ओळ लिहून घेतली होती, मागच्या वर्षीची, माझ्या बाजूची. "रूपभाऊ, यंदा म्हनू. मी हेच विचारीन. वाचून विचारीन. लोकायसमोर माफी मागून विचारीन."

त्याने माझी वही हातात घेतली. वाचली. परत दिली.

"मी यंदा अल्लीपूरले चाललो, प्रेरनाच्या गावले. तिथं पोळ्यात बोलावलं हाये मले."

"अन् तुये बैल?"

"बैल इथंच. बैलायनं काय केलं?"

त्यांनी काहीच केलं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी मनकर्णा स्वतः कासरा धरून त्याची जोडी तोरणाखाली घेऊन आली. बाईमाणूस कासरा धरून तोरणाखाली, आमच्या गावात पहिल्यांदाच. माणसांनी सरकून जोडीला जागा दिली. मी एक झडती म्हटली. अण्णाजींनी विचारलं, "खालचे बोलता का?" खालून कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं. माझ्या बैलांनी तोरण तोडलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. माणसं जेवायला घरी गेली. उज्वला म्हणाली, "आज लवकर आले?"

अल्लीपूरचं मला प्रेरणाकडून कळलं, तेही ती मनकर्णाला फोनवर सांगत होती, फोन स्पीकरवर होता, तेव्हा भिंतीवरून. रूपराव तिथे तोरणाखाली उभा राहिला, वही हातात उघडी धरून, आणि आधीच म्हणाला, मी हळू बोलतो, थांबावं लागेल. लोक थांबले. कुणी शिट्टी मारली नाही. दोन झडत्या त्याने वहीतून म्हटल्या आणि तिसरी समोरच्याने विचारल्यावर, थोडा वेळ घेऊन, जागेवरच. तोरण जिंकलं की नाही, हे तिने सांगितलं नाही, आणि मनकर्णाने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो परत आला. बैलांपाशी गेला. मी भिंतीपाशी उभा होतो.

"आईकलं, तीन म्हनल्या तिथं."

"हं."

"रूपभाऊ, एक तं सांग मले. एकच. ते जागेवर जुळलेली."

तो विचार करू लागला. मी थांबलो. मागच्या वेळी थांबलो नव्हतो तितका, त्याहून जास्त. बैलाने शेपटीने माशी वारली. मनकर्णाने आत भांडी घासून पालथी घातली. मी काही बोललो नाही, हसलो नाही, पाय बदलला नाही.

"नाई, मधू," तो शेवटी म्हणाला. राग नव्हता आवाजात. "तुले नाई सांगत."

आणि बैलांच्या शिंगांचा रंग धुवायला बादली घेऊन विहिरीकडे गेला.